तळव्याखालचे ६९ कंटेनर

उरणकराला कंटेनर नवा नाही. २६ मे १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर रीतसर सुरू झालं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक रस्त्यावर ट्रेलर आहेत. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात या बंदराने २० फुटी मापाने ६४ लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. त्यातला ४० फुटी, काठोकाठ भरलेला कंटेनर जास्तीत जास्त ३०,४८० किलोचा असतो, म्हणजे साडेतीस टन. असे ६९ ट्रेलर एकामागे एक उभे केले तर रांग किलोमीटरच्या पुढे जाते.

डिसेंबरच्या एका सकाळी द्रोणागिरीची चढउतार धरून दहा किलोमीटर धावणाऱ्या, ७० किलो वजनाच्या माणसाची बुटांची एक जोडी एकूण तेवढा भार झेलून परत येते.

हिशोब सोपा आहे. धावताना मिनिटाला साधारण १७० पावलं पडतात. डोंगरवाटेवर दहा किलोमीटरला ७० मिनिटं धरली तर ११,९०० पावलं होतात, सोयीसाठी १२,००० म्हणू. धावताना पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका पावलावर १७५ किलो. बारा हजार गुणिले १७५ म्हणजे २१ लाख किलो, २,१०० टन. हा भार सुट्या सुट्या हप्त्यांत येतो म्हणून आपल्याला तो कळत नाही. सोलला मात्र प्रत्येक हप्ता भरावाच लागतो.

डोंगरात धावायचे बूट सर्वसाधारणपणे ६०० किलोमीटर टिकतात असं धरलं, तर त्या जोडीच्या आयुष्यात सात लाख वीस हजार पावलं येतात आणि भाराची बेरीज १,२६,००० टनांवर जाते. डोंगरावरून खाली बंदराच्या क्रेनखाली जी मोठी कंटेनर जहाजं लागलेली दिसतात, त्यांतल्या एखाद्याची वहनक्षमता या घरात असते. पावकिलोच्या आसपासचा एक बूट आणि त्याचा जोडीदार मिळून एक जहाजभर माल पेलतात. म्हणून बूट निवडताना रंग आणि सवलत बघून दहा मिनिटांत मोकळं होणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आणखी एक आकडा इथेच सांगतो, कारण तो मला फार आवडतो. सपाटीवर पाऊल जमिनीला साधारण पाव सेकंद टेकलेलं असतं. मिनिटाला १७० पावलं म्हणजे साडेबेचाळीस सेकंद जमिनीवर, आणि उरलेले साडेसतरा सेकंद दोन्ही पाय हवेत. ७० मिनिटांच्या धावेत माणूस जवळजवळ २० मिनिटं जमिनीला न शिवता तरंगत असतो. चढावर हा काळ कमी होतो, पण तरीही या २० मिनिटांच्या प्रत्येक तुकड्याचा शेवट जमिनीवर आदळण्यातच होतो, आणि तो शेवट कसा होणार हे बूट ठरवतो.

हा आघात पहिल्यांदा घेतो तो फोम. बुटाच्या सोलमधला, वरच्या कापडाच्या आणि खालच्या रबराच्या मधला जाड थर म्हणजे मिडसोल. तो बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो, आणि त्यात हवेचे बंद बुडबुडे भरलेले असतात. एक बुडबुडा दोन दशांश मिलिमीटरचा धरा. एका घन सेंटिमीटरमध्ये सव्वा लाख बुडबुडे बसतात. एका बुटात ५०० घन सेंटिमीटर फोम धरला तर सव्वासहा कोटी, जोडीत साडेबारा कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. एका बुटावर दहा किलोमीटरमध्ये सहा हजार पावलं पडतात, म्हणजे दोन्ही बुटांतले बुडबुडे मिळून एका सकाळी ७५,००० कोटी वेळा दबतात आणि पुन्हा फुगतात. रोज थोड्या थोड्या भिंती चुरगळतात, त्या परत उभ्या राहत नाहीत. बूट वरून नवा दिसत असतानाच आतून मेलेला असतो, तो असा.

आता खालची बाजू बघू. द्रोणागिरी, कारंजाची टेकडी, चिरनेरकडचा अक्कादेवीचा माळ (जिथे २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या), समोर खाडीत घारापुरी, पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका, हे सगळं एकाच दगडाचं आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आज उरलेला बेसॉल्टच पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. सह्याद्रीत काही ठिकाणी त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. त्या लाव्ह्यातही वायूचे बुडबुडे होते. ते थिजले, दगडात पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत गारगोटीचे आणि झिओलाइटचे खडे वाढले. द्रोणागिरीच्या वाटेवरचा दगड हातात घेतला तर हे वाटाण्याएवढे डोळे दिसतात. म्हणजे एका पावलात बुडबुड्यांचा फोम बुडबुड्यांच्या दगडावर टेकतो. एकाचं वय काही महिने, दुसऱ्याचं साडेसहा कोटी वर्षांहून जास्त, आणि झिजायची पाळी नेहमी पहिल्यावर येते.

पाऊस हटला की हा दगड वेगळा वागायला लागतो, आणि उरणच्या थंडीचा खरा प्रश्न इथे आहे. थंडीसाठी बूट घ्यायचे म्हटलं की बर्फाच्या देशांतला सल्ला डोक्यात येतो: आत पाणी शिरणार नाही असं अस्तर, तळाला धातूचे टोकदार खिळे, आठ मिलिमीटरचे दात, गोठल्यावरही मऊ राहणारं रबर. सल्ला चांगला आहे, पण शून्याखालच्या देशासाठी. मुंबईत सांताक्रुझच्या वेधशाळेने नोंदवलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२ चं. उरणला तीन बाजूंनी पाण्याची ऊब आहे. जानेवारीच्या पहाटेला इथे पारा सोळा-सतराच्या आसपास असतो. या तापमानात ना फोम दगड होतो, ना रबर. इथल्या थंडीत तापमान नव्हे, वाटेवरची माती बदलते.

पावसाळ्यात मुरमाच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पदर असतो आणि तो कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. ऑक्टोबरनंतर ते पाणी उडून जातं. डिसेंबरपर्यंत उतारावरचा मुरूम सुटा होतो, कातळावर त्याचा पातळ थर पसरतो, आणि पाय टेकला की कण पायाखाली गडगडतात. ट्रेक करणारे याला घसारा म्हणतात. पुढचा हिशोब कोनाचा आहे. कोरड्या, खडबडीत, स्वच्छ कातळावर चांगल्या रबराचा घर्षणांक ०.८ च्या आसपास भरतो. याचा अर्थ उतार ३९ अंशांचा होईपर्यंत उभा माणूस घसरत नाही. त्याच कातळावर सुट्या मुरमाचा थर आला की घर्षणांक ०.३ वर येऊ शकतो, आणि मग मर्यादा १७ अंश. डोंगर तोच, माणूस तोच, बूट तोच, आणि २२ अंश हातातून गेले.

उतरताना परिस्थिती आणखी अवघड होते. कोलोरॅडो विद्यापीठात गॉटशॉल आणि क्रॅम यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत ९ अंशांच्या उतारावर धावताना टाच आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी, आणि पायाने लावाव्या लागणाऱ्या ब्रेकचा जोर ७३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे पकड सर्वांत कमी असते नेमकी तिथे, जिथे ब्रेकची गरज सर्वांत जास्त. उरणच्या टेकड्यांवर चढताना कुणी फारसं पडत नाही. पडतात ते उतरताना, आणि बहुतेक वेळा मुरमाड वळणावर.

ब्रेक लागतो तो तळाच्या दातांनी. सोलच्या खाली रबराचे जे उंचवटे असतात, त्यांना धावणारे लग म्हणतात. समजा पुढच्या पंज्यावर एका वेळी असे तीस लग दगडाला टेकले, प्रत्येकाचं टोक एक चौरस सेंटिमीटरचं. १७५ किलो भार ३० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ सहा किलो. मोटारीच्या टायरमधली हवा सव्वादोन-अडीच किलोच्या दाबाची असते. धावणारा माणूस गाडीच्या टायरपेक्षा अडीच पट दाबाने कातळाला धरतो, आणि हे सगळं हाताच्या पंज्याहूनही लहान जागेत.

या लगची गोष्ट थंडीतूनच सुरू झाली. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये पुंता राझिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक गेले. विताले ब्रामानी त्यांचा मित्र होता. तेव्हाच्या पद्धतीने चढाईसाठी पातळ, मऊ तळाचे जोडे घातले जात. थंडी आणि ओला बर्फ यांपुढे ते निकामी ठरले. ब्रामानीने रबरात खोल दात ओतलेला सोल तयार केला, १९३७ मध्ये तो बाजारात आला, आणि स्वतःच्या नावावरून त्याने कंपनीला नाव दिलं व्हिब्राम. १९५४ मध्ये के-२ पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत हेच सोल होते. आज उरणच्या दुकानात मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या डोंगरी बुटाच्या तळाला जी नक्षी दिसते, तिचं मूळ त्या सहा मृत्यूंपाशी जातं.

पण आल्प्सचा दात जसाच्या तसा कोकणात चालत नाही. सात-आठ मिलिमीटरचे, दूर दूर रोवलेले लग चिखलात छान रुततात. कोरड्या कातळावर ते टोकाशी वाकतात आणि पाऊल डगमगतं. दोन-तीन मिलिमीटरचे सपाट लग कातळावर उत्तम, पण मुरमाच्या थरावरच तरंगतात, खालच्या घट्ट भागापर्यंत पोचतच नाहीत. मुरमाचा थर भेदून खालचा दगड गाठेल आणि दगडावर वाकणार नाही, असा दात साधारण चार ते पाच मिलिमीटरचा. उरणच्या थंडीसाठी माझी निवड हीच. दुकानात बूट उलटा करा. पुढच्या पंज्यावरचे लग पुढे बघणारे आणि टाचेवरचे लग उलट दिशेने बघणारे हवेत. पुढचे चढाला, मागचे ब्रेकला. अंगठ्याच्या नखाने रबर दाबून बघा. नख किंचित रुतलं तर ते दगडाच्या बारीक खाचांत शिरेल. काचेसारखं टणक लागलं तर ते जास्त दिवस टिकेल, आणि उतारावर आपल्याला दगा देईल.

पाणी न शिरणारं अस्तर इथे घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. गोअर-टेक्सच्या पडद्यात एका चौरस इंचात ९०० कोटी छिद्रं असतात असं कंपनी वर्षानुवर्षं सांगते. २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली, म्हणजे नखाच्या चार पट जागेत जगातल्या माणसांपेक्षा जास्त भोकं. पाण्याचा थेंब त्यांतून आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ आपणहून जात नाही. आत दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती निघते. बुटाच्या आत ३४ अंशांची घामट हवा असते. युरोपात बाहेर शून्य अंश, कोरडी हवा. उरणला सकाळी नऊच्या सुमाराला बाहेर २५ अंश आणि खाडीचा दमटपणा. गणित केलं तर वाफेला बाहेर ढकलणारा दाबातला फरक इथे सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. माणसाच्या दोन तळव्यांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात. त्यांचं काम चालूच राहतं, दार मात्र अर्धवट लोटलेलं असतं. पाय आतून भिजतात, बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडते, आणि मग खाज सुटते.

शिवाय उरणचं पाणी खालून येत नाही, वरून येतं. खाजणाच्या बांधावरून धावताना पाय निसटला की घोट्यापर्यंत चिखल. मुंबईच्या खाडीत उधाणाची भरती पाच मीटरच्या घरात जाते, आणि रोज पन्नासेक मिनिटांनी उशिरा येते. काल कोरडा असलेला बांधाचा पायथा आज त्याच वेळी पाण्यात असू शकतो. अस्तराच्या बुटात घोट्यावरून शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. उघड्या जाळीच्या बुटातून ते शंभर पावलांत पिळून निघतं. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम पाणी राहिलं तर १२,००० पावलांत आपण १,२०० किलो जास्तीचं उचलतो, आणि बुटाला १०० ग्रॅम जादा म्हणजे धावायची ताकद सुमारे एक टक्क्याने जास्त लागते. वर मीठ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. शंभर मिलिलिटर वाळलं की साडेतीन ग्रॅम मागे उरतं, आणि त्याचे कण पुढच्या धावेत मोज्यावर घासत राहतात. खाजणातून आल्यावर बूट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. हे न करणाऱ्याने कितीही महागडे बूट घेतले तरी उपयोग नाही.

जाळी म्हटली की कुसळं आलीच. नोव्हेंबरनंतर डोंगरावरचं गवत वाळतं, आणि कुसळी गवताचं बी पिकून सुटं होतं. ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पुढे सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले केस, म्हणजे घुसलेलं परत निघणार नाही. मागे पीळ दिलेली लांब शेपटी. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा चढतो, आणि त्या फिरण्यामुळे टोक जमिनीत स्क्रूसारखं उतरतं. पहाटेच्या दवात आणि नंतरच्या उन्हात ते मोज्यात अडकलं की हीच क्रिया मोज्यात सुरू होते, वर घामाची ओल त्याला साथ देते. म्हणून वरचं कापड मोठ्या भोकांचं नको. बारीक, घट्ट विणीची जाळी हवी, जिच्यातून पाणी निघेल पण कुसळ शिरणार नाही. घोट्यावर पातळ कापडी पट्टा बांधला तर आणखी बरं.

मापाचंही सांगायला हवं. तळपायात २६ हाडं, दोन्ही पायांत ५२. शरीराच्या २०६ हाडांपैकी पाव हाडं या दोन पिशव्यांत भरलेली असतात. धावताना पाय सुजतो आणि उतारावर पुढे सरकतो. दहा किलोमीटरमध्ये निम्मा उतार धरला तर एका पायाची बोटं तीन हजार वेळा बुटाच्या टोकाकडे ढकलली जातात. जागा नसेल तर नख काळं पडतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर आणि अर्धा म्हणजे चार. बहुतेकांना रोजच्या चपलेपेक्षा अर्ध्याने मोठा बूट लागतो. खरेदीला संध्याकाळी जायचं, दिवसभर चालून पाय फुगलेला असताना, आणि धावताना घालणार तेच मोजे घालून. नाडीला दुहेरी गाठ मारा. बर्कलीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मोजलं, तेव्हा धावताना पाऊल गुरुत्वाकर्षणाच्या सातपट धक्क्याने आदळतं असं दिसलं. त्या धक्क्याने गाठ सैल होते आणि झुलणारी टोकं तिला ओढून सोडवतात.

आणि घरातून निघून डोंगराच्या पायथ्यापर्यंत डांबरावर धावत जाणं टाळा. डोंगरी बुटाचं मऊ रबर डांबर फार लवकर खातं. शाळेच्या फूटपट्टीने महिन्यातून एकदा पंज्याखालच्या लगची उंची मोजा. पाचावर सुरू झालेला दात दोन मिलिमीटरवर आला की ती जोडी सपाट रस्त्यासाठी ठेवा आणि डोंगरासाठी नवी घ्या, मग वरचं कापड कितीही चकाचक असो.